केबल अडखळत नाही, मग अ‍ॅप का अडखळते?

प्रश्न : घोडबंदर रोडवरील आमच्या संकुलात 400 सदनिका असून बहुतेकांकडे एकाच पुरवठादाराचे इंटरनेट आहे. सगळ्यांनी केबलवर एकच वाहिनी लावली तरी चित्र अडत नाही. मात्र रात्री नऊनंतर अ‍ॅपवर चित्रपट लावला की बफरिंग सुरू होते. असे का?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : केबलवर वाहिनीची एकच प्रत सर्वांसाठी धावते, त्यामुळे प्रेक्षक चार असोत की चारशे, भार तेवढाच राहतो. अ‍ॅपवर प्रत्येकजण आपल्या सवडीने चित्रपट सुरू करतो, म्हणून शेजारी तोच चित्रपट पाहत असले तरी आपल्यासाठी वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. एका प्रवाहाला सेकंदाला 5 मेगाबिट धरले, तर 400 घरांना मिळून 2 गिगाबिट लागतात.

यावर 1990च्या दशकात संशोधकांनी एक देखणी युक्ती काढली होती. 127 मिनिटांच्या चित्रपटाचे मिनिटामिनिटाचे तुकडे करून ते सात वाहिन्यांवर अखंड फिरवत ठेवायचे : पहिलीवर केवळ पहिला तुकडा, दुसरीवर पुढचे दोन, तिसरीवर त्यापुढचे चार आणि असे दुप्पट करत सातवीवर उरलेले 64. प्रेक्षकाचे यंत्र सातही वाहिन्या एकाच वेळी घेऊन पुढचे तुकडे साठवत जाते. त्यामुळे कोणालाही मिनिटभराहून अधिक थांबावे लागत नाही आणि प्रेक्षक लाखभर झाले तरी वाहिन्या सातच राहतात. गणित चोख असूनही खुल्या इंटरनेटवर हे रुजले नाही, कारण एकच प्रत अनेकांना वाटण्याची सोय पुरवठादारांच्या जाळ्यांतून सलग मिळत नाही, आणि मोजकेच लोक पाहतात अशा चित्रपटासाठी सात वाहिन्या अडवणे ही उधळपट्टीच ठरते.

त्याऐवजी प्रती प्रेक्षकाजवळ आणून ठेवण्याचा, काहीसा ओबडधोबड पण खात्रीचा मार्ग टिकला. नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या आपले सर्व्हर थेट पुरवठादारांच्या केंद्रांत बसवतात आणि वर्दळ कमी असताना त्यांत चित्रपट भरून ठेवतात. ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरमुळे आपल्याकडे हे अंतर आणखी घटते.

तरीही त्या केंद्रापासून आपल्या संकुलापर्यंतचा शेवटचा टप्पा सामाईकच राहतो, आणि आपली अडचण बहुधा तिथेच असावी. रात्री नऊ वाजता लॅपटॉप राउटरला केबलने जोडून वेग मोजावा. तोही कमी भरला, तर संकुलापर्यंतच्या जोडणीची क्षमता वाढवण्याची मागणी सोसायटीने पुरवठादाराकडे लेखी करावी. केबलवर वेग पुरेसा मिळत असेल, तर दोष घरातील वायफायचा समजावा.