१९७१ च्या युद्धात पाकिस्तानची पाणबुडी ‘गाझी’ बुडवणारी आयएनएस राजपूत आणि २०२१ मध्ये निवृत्त झालेली राजपूत एकच का?

नाही. नाव एकच, पण विनाशिका दोन.

पहिली राजपूत मूळची ब्रिटिश नौदलाची ‘रॉदरहॅम’. १९४२ मध्ये क्लाइडबँकला बांधलेली, दुसऱ्या महायुद्धात लढलेली. भारताकडे आली १९४९ मध्ये. गाझीचा प्रसंग हिचाच. बॉयलरला तडा गेल्यामुळे विमानवाहू नौका विक्रांतचा वेग कमी झाला होता. तिला अंदमानकडे हलवलं आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असं भासवायला राजपूत तिच्या नावाने बिनतारी संदेश पाठवत राहिली. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास बंदराबाहेर पडताना पाण्यात संशयास्पद खळबळ दिसली, तेव्हा तिने दोन डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब) टाकले. काही मिनिटांनी मोठा स्फोट झाला. भारतीय नौदल श्रेय राजपूतला देतं; पाकिस्तानच्या मते गाझी स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने बुडाली. एकच बाजू सांगणारा लेख मी तरी अपुरा मानतो. ही नौका १९७६ मध्ये निवृत्त झाली.

दुसरी सोव्हिएत काशिन वर्गातली, निकोलायेवला (आज युक्रेनमध्ये) बांधलेली; तिकडचं नाव ‘नादेझ्नी’. जलावतरण १७ सप्टेंबर १९७७, पण नौदलात दाखल ४ मे १९८० रोजी, जॉर्जियातल्या पोती बंदरात. बातम्यांत या दोन तारखांची फार गल्लत होते. जलावतरणाला फक्त सांगाडा पाण्यात उतरतो. सेवाकाळ मोजायचा तो दाखल झाल्यापासून. पहिले कप्तान गुलाब हिरानंदानी. १९८८ च्या जूनपर्यंत तिचा तळ मुंबई, मग विशाखापट्टणम. तिने भाग घेतलेल्या मोहिमा: श्रीलंकेजवळ ऑपरेशन अमन आणि पवन, मालदीवला कॅक्टस, लक्षद्वीपजवळ क्रोज नेस्ट. २१ मे २०२१ ला विशाखापट्टणममध्येच ध्वज उतरला, म्हणजे ४१ वर्षांची सेवा.

फोटो कोणत्या राजपूतचा हे कळायला बाजूवरचा क्रमांक बघा: पहिली डी १४१, दुसरी डी ५१. क्रमांक दिसत नसेल तर तोफा बघा. पहिलीवर ४.७ इंची चार सुट्या तोफा, दुसरीवर पुढे ७६ मिमीची एकच जोडतोफ. दुसरीच्या फोटोचा काळही ठरवता येतो. ब्रिजच्या (नौका चालवण्याच्या कक्षाच्या) दोन्ही बाजूंना फक्त स्टिक्स या सोव्हिएत जहाजविरोधी क्षेपणास्त्रांची गोलसर नळकांडी असतील तर फोटो जुना. त्यातल्या दोन नळकांड्यांच्या जागी चौकोनी पेट्या असतील तर तो ब्रह्मोस बसवल्यानंतरचा. ब्रह्मोसच्या चाचणीसाठी हीच नौका वापरली होती, त्यामुळे हा बदल तिच्यावर आधी झाला.