अमेरिकन अल्कोचं मॉडेल रंगवून डब्ल्यूडीएम-२ होईल का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन अल्को कंपनीच्या डिझेल इंजिनाचं तयार एचओ मापाचं छोटं मॉडेल आणून त्याला भारतीय रेल्वेचा रंग दिला तर आपलं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन म्हणून चालेल का. नुसत्या रंगाने नाही चालणार. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. माझ्या थोरल्या भावाचं लहानपण पुणे-मिरज लाइनवर कोयना एक्सप्रेस बघण्यात गेलं. त्याने मॉडेल हातात घेतलं आणि म्हणाला, "हे आपलं नाही रे."

दोघांचं नातं खरं आहे. डब्ल्यूडीएम-२ चा आराखडा अल्कोचाच: १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. १९६२ मध्ये पहिली इंजिनं अमेरिकेहून आली आणि जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या डीएलडब्ल्यू या रेल्वेच्या डिझेल इंजिन कारखान्यातून 'कुंदन' नावाचं तिथलं पहिलं इंजिन बाहेर पडलं.

खरी अडचण रुळांची. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढं. त्याचा १६.५ मिमी रुंदीचा रूळ अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराला, बरोबर बसतो. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये १९.३ मिमी हवेत. काहीजण रुळाला जुळवायला अख्खं इंजिन १:१०० च्या आसपास करतात. मला ते पटत नाही. १:८७ च्या डब्यांपुढे ते पोरकं दिसतं. बॉडी १:८७ चीच ठेवा, रूळ अरुंद राहू द्या, फक्त बोगीच्या (म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या) बाजूच्या फ्रेम खऱ्या रुंदीइतक्या बाहेर बसवा. बाजूने बघताना फरक कळत नाही.

अमेरिकन मॉडेलमधून मोटर, गिअर आणि बोगी तेवढ्या घ्या. मात्र घेण्याआधी बोगी नीट पाहा: तीन धुऱ्यांपैकी मधली बरोबर मध्ये नसते, एका बाजूला सरकलेली असते. चाक साधारण १२.५ मिमीचं हवं.

बॉडी प्लास्टिक शीटची करा आणि सगळा जीव शॉर्ट हूड (कॅबच्या एका बाजूचं आखूड नाक) व कॅबच्या, म्हणजे चालकाच्या केबिनच्या, खिडक्यांत ओता, कारण ओळख पटते ती तिथेच. पुढे बफर (धक्का झेलणाऱ्या गोल तबकड्या) आणि स्क्रू कपलिंग (डबा जोडायची आट्यांची कडी) लावा. रंग इंजिनाच्या शेडप्रमाणे (देखभालीच्या ठिकाणाप्रमाणे) आणि सालाप्रमाणे बदलत गेले, म्हणून एकाच नंबरच्या इंजिनाचा एकच फोटो समोर ठेवून काम करा.

शेवटी छतावर, धुराड्याभोवती, काळी पूड मऊ ब्रशने चोळा. गाडी ओढायला सुरुवात केली की टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा भरणारा पंखा, जरा उशिराने वेग धरायचा आणि तोवर काळा धूर निघायचा. त्याची काजळी छतावर बसलेली असायची. दुसऱ्या मॉडेलवर ती पाहिली तेव्हा दादा काही न बोलता बराच वेळ वाकून बघत राहिला.