फौजदारी खटल्यात खासगी तपासनीस आरोपीच्या वकिलाला नेमकी काय मदत करतो?

तुमच्या भावावर मारहाणीचा गुन्हा दाखल झालाय, वकील खासगी तपासनीस नेमायला सांगतायत, आणि पोलिसांनी तपास केलेला असताना हा माणूस वेगळं काय करणार, असं तुम्ही विचारलंय.

खरा गुन्हेगार शोधून काढणं हे सहसा त्याचं काम नसतं. पोलिसांच्या कागदांत जे लिहिलंय ते प्रत्यक्षात तसंच घडू शकतं का, हे तो एकेक वाक्य घेऊन तपासतो. म्हणून चांगला तपासनीस आधी कागद वाचतो. फिर्याद, जबाब, वैद्यकीय अहवाल समोर ठेवून मिनिटामिनिटांचा तक्ता करतो आणि कोणती वेळ कुणाच्या सांगण्यावरून आली, कोणती यंत्रावरून, हे वेगळं मांडतो. दोन जबाबांत हुबेहूब तीच वाक्यं असतील, तर तिथे खूण करतो.

पण कागद हाती येईपर्यंत थांबू नये असं एक काम आहे, ते म्हणजे सीसीटीव्ही. बहुतेक डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी यंत्रं, जुन्या चित्रणावर नवं चित्रण चढवतात. डिस्क किती मोठी आणि कॅमेरे किती, यावर काही ठिकाणी आठवडाभरात तर काही ठिकाणी महिनाभरात सगळं पुसलं जातं. तपासनीस येण्याजाण्याच्या वाटेवरचा प्रत्येक कॅमेरा शोधून त्याचा नकाशा करतो आणि वकील लगेच मालकाला चित्रण जपून ठेवण्याचं पत्र देतात. मालक नाही म्हणाला तर न्यायालयाकडे अर्ज.

इथे होणाऱ्या चुका फार महागात पडतात. कुणी पडद्यावरचं चित्रण मोबाईलने टिपतं, कुणी क्लिप व्हॉट्सॲपवर मागवतं. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, बारकावे जातात आणि मूळ फाइलची माहितीही जाते. फाइल डीव्हीआरमधून मूळ स्वरूपातच काढायची, त्याच वेळी तिची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून काढलेली अक्षर-आकड्यांची खूण, फाइल जराही बदलली तर तीही बदलते) नोंदवायची, आणि ती कुणाकडून कुणाकडे कधी गेली हे लिहून ठेवायचं. डीव्हीआरचं घड्याळ बऱ्याचदा चुकीचं असतं. त्याची वेळ आणि नेटवर्कवर चालणाऱ्या मोबाईलची वेळ एकाच फोटोत घेतली की फरक कळतो. मधल्या काळात कुणी ते घड्याळ दुरुस्त केलंय का, हेही विचारावं लागतं, नाहीतर आजचा फरक त्या दिवसाला लागू पडत नाही.

घटनास्थळी तो त्याच वेळेला जातो. समजा, साक्षीदार म्हणतो की रात्री अकराला चाळीस मीटरवरून चेहरा ओळखला. तर अंतर टेपने मोजायचं, साक्षीदाराच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्यायचे, त्या रात्री रस्त्यावरचा दिवा चालू होता का याची नोंद मिळवायची. चंद्रप्रकाशाचा प्रश्न असेल तर तीच चंद्रकला साधारण २९.५ दिवसांनी येते, तेव्हा भेट त्या हिशोबाने ठरवायची. मोबाईलचा नाइट मोड मात्र बंद हवा. तो अंधार उजळवतो आणि तो फोटो आपल्याच विरुद्ध जातो. ‘त्या वेळी तो दुसरीकडे होता’ असं सांगायचं असेल, तर ते अंतर त्याच वारी, त्याच वेळी, अनेकदा कापून बघतात आणि सर्वांत कमी लागलेली वेळही लिहितात, कारण सरकारी वकील नेमकी तीच विचारणार.

साक्षीदारांशी बोलणं हा सर्वांत नाजूक भाग. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना गाड्यांच्या धडकेची फिल्म दाखवून वेग विचारला. ५० जणांना प्रश्नात ‘एकमेकींवर जोरात आदळल्या’ असा शब्द होता, ५० जणांना साधा ‘धडकल्या’. आठवड्याने काच फुटलेली दिसली का विचारल्यावर पहिल्यांपैकी १६ आणि दुसऱ्यांपैकी ७ जण हो म्हणाले. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. म्हणून तपासनीस ‘त्याच्या हातात काठी होती ना?’ असं विचारत नाही. ‘तुम्ही काय पाहिलंत ते सुरुवातीपासून सांगा’ म्हणतो आणि गप्प बसतो. आपण आरोपीच्या वकिलाकडून आलोय हे पहिल्याच वाक्यात सांगतो. शक्यतो दोघं जातात. वकील एकटे गेले आणि साक्षीदार पुढे फिरला, तर ‘तेव्हा हा असं म्हणाला होता’ हे सांगायला कोण उभं राहणार? वकिलांना आपल्याच खटल्यात साक्षीदार होणं अडचणीचं असतं. तपासनीस ती साक्ष देऊ शकतो.

तुमच्या घरातल्या कुणीही फिर्यादीला किंवा साक्षीदाराला फोन करू नका, माफी मागायलासुद्धा नाही. साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप लागला, तर भावाचा जामीन धोक्यात येतो.

कुणाचे कॉल रेकॉर्ड किंवा बँक खातं ‘काढून देतो’ म्हणणारा तपासनीस दारातूनच परत पाठवा. ते बेकायदेशीर आहे. ही माहिती वकिलांनी न्यायालयामार्फतच मागवायची. आणि टॉवर लोकेशन मिळालं तरी त्यातून फोन कोणत्या टॉवरला जोडला होता एवढंच कळतं. तो टॉवर सर्वांत जवळचा असेलच असं नाही, आणि मोकळ्या भागात एकेक टॉवर कित्येक किलोमीटर व्यापतो.

नेमणूक वकिलांमार्फतच करा. वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेचं संरक्षण तपासनिसाच्या कामालाही मिळण्याची शक्यता त्यामुळे वाढते. ते कितपत मिळतं हे तिथल्या कायद्यावर अवलंबून, म्हणून लेखी अहवाल कधी द्यायचा हे वकिलांनाच ठरवू द्या. शोधात भावाविरुद्ध जाणारी गोष्टही निघू शकते. ती ऐकायला जड जाईल, पण उलटतपासणीत अचानक समोर येण्यापेक्षा वकिलांना आज कळलेली कितीतरी बरी. तपासनिसाला काम देताना ‘सगळं शोधा’ म्हणू नका, चारपाच नेमके प्रश्न लिहून द्या. आधी न्यायालयात साक्ष दिलीय का, आणि जिथे परवाना लागतो तिथे तो आहे का, हे विचारा.

आज रात्रीच भावाला शेजारी बसवा आणि त्या दिवशी तो कुठून कुठे गेला, वाटेत कुठे पैसे दिले, कुणाशी बोलला, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. वर ‘वकिलांसाठी’ असं लिहा, तो कागद वकिलांखेरीज कुणालाही दाखवू नका आणि उद्या सकाळी त्यांच्या हातात द्या. कॅमेऱ्यांचा शोध तिथूनच सुरू होईल.