पंचवीस हजारांत चौघांची चार दिवस मुंबई, तीही अकरावी-आठवीतल्या मुलांना घेऊन: जमेल का?

जमेल. दिवाळीनंतर जळगावहून येणार म्हणून तुम्ही हे विचारलंय आणि सोबत बघायच्या ठिकाणांची यादीही दिलीय. मी डोंबिवलीकर आहे. धुळे-भुसावळकडची भाचरं दर सुट्टीत आमच्याकडे उतरतात आणि मुंबई दाखवायचं काम मामाकडेच असतं, त्यामुळे या वयाच्या पोरांना काय चालतं आणि कुठे त्यांची तोंडं वाकडी होतात, हे चांगलंच ठाऊक आहे.

आधी तुमच्या यादीबद्दल. गेटवे, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, एस्सेलवर्ल्ड, जुहू. राग मानू नका, पण ही तुमच्या स्वतःच्या शाळेच्या सहलीची यादी आहे. एस्सेलवर्ल्ड आणि मत्स्यालय बंद आहेत. आणि आठवीतली मुलगी म्हातारीच्या बुटात शिरणार नाही, शिरलीच तर फोटो काढू देणार नाही. "मुलांना सगळं बोअर होतं" असं तुम्ही लिहिलंय, पण यादीत मुलांनी सुचवलेलं एकही ठिकाण मला दिसलं नाही. चारांपैकी एक अख्खा दिवस त्यांना ठरवू द्या आणि बाकीच्या तीन दिवसांत फिरण्याचे पैसे त्यांच्या हातात द्या. सगळ्यात जास्त बचत मला तिथेच होताना दिसते.

पैसे हातात देणं म्हणजे असं: प्रवास आणि वरचं खाणं यासाठी दिवसाला आठशे रुपये धरा. एक दिवस ते मुलाकडे, दुसऱ्या दिवशी मुलीकडे. दोन वेळचं जेवण आणि प्रवेश तिकिटं तुमच्याकडे. आठशेतले उरतील ते त्यांचे, संपले तर घरी जाईपर्यंत पायपीट. गेल्या खेपेला आम्ही चौघं म्युझियमबाहेर बसची वाट बघत होतो. त्या दिवशी खजिनदार भाचा होता. एरवी हाच पोरगा बाटलीबंद पाण्यावर आणि कोल्ड्रिंकवर माझे शंभर-दीडशे सहज उडवतो. तो म्हणाला, "मामा, बसला माणशी दहा, म्हणजे चाळीस. टॅक्सीचं मीटर एकतीसने सुरू होतं. मग बस कशाला?" बरोबर होतं त्याचं. २०२५ मध्ये भाडी वाढली तेव्हापासून बेस्टचं किमान तिकीट साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये आहे, तर काळीपिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१. म्हणजे चौघं असाल आणि अंतर जवळचं असेल तर टॅक्सी स्वस्त पडते. इतकी वर्षं मुंबईत काढून मी हा हिशेब कधी मांडला नव्हता. (रिक्षा शोधू नका, शहरात ती नाहीच. पश्चिमेला वांद्र्यापासून आणि इकडे सायनपासून पुढे मिळते.)

लांबच्या अंतराला मात्र लोकलला तोड नाही. दादर ते सीएसएमटी सेकंड क्लास पाच रुपये, दादर ते बोरिवलीसुद्धा पंधराच्या आत. पर्यटकांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचा पास मिळतो, पण दादरला राहणाऱ्याचा तो क्वचितच वसूल होतो. रेल्वेचं रेलवन अॅप घेऊन ठेवा, म्हणजे रांग नको. तिकीट मात्र स्टेशनात शिरायच्या आधी बाहेरूनच काढा.

दादर म्हणतोय ते मुक्कामासाठी. वसई-नवी मुंबईकडे खोली हजार रुपयांनी स्वस्त मिळेलही, पण रोजचे तीन तास प्रवासात जातील आणि संध्याकाळी दमलेली पोरं ओलाच मागतील. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइनी मिळतात, शिवाय आता भुयारी मेट्रोही आहे. दादर पूर्वेला स्टेशनपासून चालत जाता येतील असे लॉज आहेत. एकच फॅमिली रूम, जादा गादीसकट, तीन-साडेतीन हजारांच्या आत बसवा. फोनवर आधी विचारा की चेक-इन चोवीस तासांचं आहे की दुपारी बाराचं. तुम्ही सकाळी सहा-सातला पोचणार, बाराचं असेल तर निदान सामान ठेवून घेतील का ते पक्कं करा. तुमच्या समाजाचं मुंबईत अतिथीगृह असेल तर ते आधी बघा, त्यासारखं स्वस्त काही नाही. रेल्वेच्या रिटायरिंग रूमही आहेत, त्या पीएनआरवर ऑनलाइन बुक होतात, पण सुट्टीत मिळणं कठीण.

जळगावहून रात्रीची अमरावती किंवा विदर्भ एक्सप्रेस घ्या, एका रात्रीचं भाडं वाचतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीनंतरच्या तारखांना लगेच वेटिंग लागतं, तेव्हा पहिल्याच सकाळी बसा. मुलं बाराच्या वरची आहेत, म्हणजे तिकीट पूर्ण.

माझा ढोबळ अंदाज: रेल्वे जाऊन-येऊन अडीच हजार (स्लीपर), तीन रात्री दहा हजार, जेवणं पाच हजार, मुलांच्या हातचे, चौथा दिवसही धरून, बत्तीसशे, प्रवेश तिकिटं दोन हजार. साडेबावीसच्या आसपास होतात, वरचे राखीव. एसीने यायचं असेल तर राखीव तिथेच संपले असं समजा.

आता फिरण्याचं. पहिला दिवस पायी दक्षिण मुंबई. सकाळी अकराच्या आधी सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पोरांना घालू नका, निवांत आंघोळ-नाश्ता करून निघा. सीएसएमटीला उतरल्यावर थेट पुढे पळू नका. रस्ता ओलांडून समोरच्या फूटपाथवरून इमारत बघा. १८७८ मध्ये काम सुरू झालं, पुरं व्हायला दहा वर्षं लागली, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, हे सगळं मुलं मोबाइलवर वाचतीलच. त्यांना कामाला लावा: फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, एकीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर आणखी किती प्राणी सापडतात ते मोजायला सांगा. माझी भाची मान वर करून वीस मिनिटं उभी होती आणि नंतर म्हणाली, "इथे तर माकडंपण आहेत." तिला एरवी इतिहास म्हटलं की झोप येते.

तिथून डी. एन. रोडने हुतात्मा चौक, मग काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे आणि आत थंडही असतं. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहिलात तर एका हाताला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या हाताला गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा झाल्या. फॅशन स्ट्रीट तिथून चालत जाण्याइतकाच. आणि इथे एक धाडस करा: मुलांना दोन तास एकटं सोडा. तुम्ही दोघं मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जाऊन बसा, भेटायची जागा चर्चगेट स्टेशनचं तिकीटघर. या वयात आई-बाबा मागे नसणं हीच त्यांची खरी सहल असते. घासाघीस त्यांची त्यांना करू द्या. भाचीने साडेतीनशेचा टॉप दीडशेला आणला आणि दोन दिवस तीच गोष्ट सांगत होती.

दुसऱ्या दिवशी घारापुरी की कान्हेरी, हे मुलांना विचारून ठरवा. घारापुरीला गेटवेहून लाँचने तासभर लागतो. समुद्राचं आकर्षण असेल तर जा, पण चौघांचं लाँचचं भाडं आणि तिथलं खाणं धरून तुमच्या दोन हजारांतले बहुतेक तिथेच जातील. मला विचाराल तर कान्हेरी. बोरिवलीला उतरायचं, राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत, लेणी सहा-सात किलोमीटरवर. बस आहे, भाड्याने सायकलीही मिळतात. शंभरावर लेणी आहेत, पण पोरांना खरं दाखवायचं ते पाण्याचं काम: वरून येणारं पावसाचं पाणी कातळात खोदलेल्या पन्हाळीतून टाक्यांत कसं उतरवलंय ते. सायन्सवाल्या मुलाला हे अजिंठ्याच्या चित्रांपेक्षा जास्त भिडतं, असा माझा अनुभव. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, तिथली माकडं अट्टल आहेत. पुरातत्त्व खात्याच्या दोन्ही ठिकाणी पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, मुलीचं आधार कार्ड जवळ ठेवा.

वार मात्र बघून घ्या. घारापुरी आणि राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. तिसरा दिवस राणीच्या बागेला ठेवा. तिथे आई-बाबा आणि पंधरापर्यंतची दोन मुलं अशा कुटुंबाला शंभर रुपयांत सोडतात. तुमच्या मुलाचं वय त्यापुढे असेल तर त्याचं वेगळं घ्यावं लागेल. पेंग्विन बघायला सकाळीच जा, नंतर रांग लागते. त्याच दिवशी वरळीचं नेहरू सायन्स सेंटर होईल, भुयारी मेट्रोचं स्टेशन जवळच आहे. मुलीला इतिहासाची आवड असेल तर गावदेवीचं मणिभवनही घ्या. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. प्रवेश फुकट.

खाण्यात काटकसर करायला मुंबईत अक्कल लागत नाही. धोबी तलावच्या कयानीत (१९०४ पासून आहे) बन-मस्का, चहा आणि मावा केक. माटुंगा स्टेशनजवळ रामा नायक यांच्याकडे केळीच्या पानावर उडुपी जेवण, पोटभर. रात्री एकदा गिरगाव चौपाटीवर भेळ. मॉलमध्ये जायचंच असेल तर जेवून जा.

लोकलबद्दल दोन गोष्टी मुलांना निघायच्या आधी बजावा. एक, दारात उभं राहून मोबाइल नाही, रील तर नाहीच. रुळांलगत काठी घेऊन उभे राहणारे चोर हातावर फटका मारतात आणि फोन खाली पडला की घेऊन पसार होतात, फटका गँगच म्हणतात त्यांना. दुसरं, चुकामूक झाली तर फलाटावर राहिलेल्याने जागचं हलायचं नाही, गाडीत चढलेल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं. दादरला हे होतंच. तिथले फलाट डिसेंबर २०२३ पासून सलग मोजतात: १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. जुने लोक अजून जुने नंबर सांगतात, त्यामुळे रस्ता विचारण्यापेक्षा पाटी वाचा.

चौथ्या दिवसाबद्दल मी काही सुचवत नाही, तो मुलांचा. बहुधा वांद्र्याला एखाद्या नटाच्या बंगल्याबाहेर तुम्हाला तासभर उभं करतील, राहा बापडे. फक्त पाचपर्यंत लॉजवर या. परतीची गाडी दादरला थांबत असली तरी सीएसएमटीहूनच चढा, गाडी तिथूनच सुटते आणि चार बॅगा लावायला वेळ मिळतो. संध्याकाळची गर्दी सीएसएमटीकडून बाहेर जाणारी असते, उलट्या दिशेने तुम्हाला बहुतेक बसायलाही मिळेल.