'पॅटर्न'ला जायचं म्हणजे कुठे जायचं?

प्रश्न असा आलाय की आयर्लंडच्या खेड्यातल्या एका गोष्टीचं भाषांतर चाललंय, त्यातली आजी 'आम्ही पॅटर्नला जायचो' म्हणते, नंतर 'फेअर'मधून 'यलोमॅन' आणायची आठवण सांगते. तर पॅटर्न म्हणजे काय, आणि दोन्हीला जत्राच लिहू का?

नको, दोन्हीला एकच शब्द नको. हा पॅटर्न म्हणजे नमुना-बिमुना काही नाही, 'पेट्रन' घासून झालेला शब्द आहे, गावाचा पाठीराखा संत तो पेट्रन आणि त्याचा दिवस तो पॅटर्न, आपण नाही का उर्सचा उरूस केला, तसंच. त्या दिवशी संताच्या विहिरीवर जायचं, सूर्य फिरतो त्या दिशेने प्रार्थना म्हणत प्रदक्षिणा घालायच्या, शेजारच्या झाडाला चिंधी बांधायची, आणि हे उरकलं की तंबूत खाणंपिणं, नाच, आणि पिणं जास्त झालं की लाठ्याकाठ्या. शेवटी पाद्रीच वैतागले आणि त्यांनी बऱ्याच ठिकाणी हे प्रकार बंद पाडले. वॉटरफर्डमधल्या आर्डमोरला मात्र २४ जुलैला सेंट डेक्लनचा पॅटर्न अजून होतो.

मी तरी 'उरूस' लिहीन. जत्रा चुकीची नाही, पण उरूस पीराच्या पुण्यतिथीला भरतो आणि चर्चमध्येही संताचा सण बहुतेक वेळा त्याच्या मृत्यूच्या तारखेलाच असतो, तो त्याचा स्वर्गातला जन्म समजतात म्हणून. उर्स म्हणजे अरबीत लग्न! म्हणजे मरणाचा दिवस आनंदाचा, ही कल्पना दोन्हीकडे आहे, जत्रेत ती येत नाही.

फेअरचं वेगळं, तिथे मुख्य काम गुरं-घोडी विकायचं, म्हणून सरळ 'बाजार' (टिपरेरीतल्या नीना गावाचं आयरिश नावाचा अर्थच 'बाजार' आहे). सौदा ठरला की तळहातावर थुंकून टाळी द्यायची, आणि विकणारा घेणाऱ्याला थोडे पैसे परत करतो, ती 'लक पेनी'. गोष्टीत ती आलीच तर कृपा करून 'विसार' लिहू नका, विसार विकत घेणारा देतो, हे बरोब्बर उलटं आहे.

यलोमॅन म्हणजे पिवळा माणूस नव्हे हो! ऑगस्टअखेर अँट्रिममधल्या बॅलीकॅसलच्या लॅमस फेअरला मिळणारी जाळीदार टॉफी ती, उकळत्या साखरेच्या पाकात खायचा सोडा टाकला की भस्सकन फुगते, गार झाली की इतकी कडक होते की हातोडीने फोडून विकायचे. सोबत 'डल्स', म्हणजे वाळवलेलं लालसर समुद्री शेवाळ, खारट आणि चिवट, तसंच चघळायचं. गोडीशेव वगैरे लिहायचा मोह होईल, पण यलोमॅन तसाच ठेवा, हातोडीचं एक वाक्य आजीच्या तोंडी घाला, वाचणाऱ्याला लगेच कळेल.