परीक्षा आली की मुलगा सारखा खातो, वजन वाढतंय. कॉर्टिसॉल तपासावं का?

मुलगा 10 वर्षांचा आहे, क्लासहून आला की वेफर्स-बिस्किटांवर तुटून पडतो, आणि हे ताणाच्या हार्मोनमुळे, म्हणजे कॉर्टिसॉलमुळे का, असं तुम्ही विचारलंय.

रक्त काढण्याआधी उंची बघा. कॉर्टिसॉल आजाराइतकं वाढलं (कुशिंग सिंड्रोम), तर वजन वाढतं आणि उंची रेंगाळते. साध्या लठ्ठपणात मूल बहुधा वयाच्या मानाने उंचच असतं. वर्षात 5 सेंमी किंवा जास्त वाढला असेल, तर ही शंका जवळजवळ सोडून द्या. उंची अडली असेल, पोटावर रुंद जांभळे पट्टे असतील, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या वा बिननावाच्या पुड्या चालू असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गोळ्या मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. एरवी एकदा काढलेल्या रक्तावरून काही ठरत नाही. कॉर्टिसॉल उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जास्त असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी, आणि सुईच्या भीतीनेही चढतं. मानेवर मळासारखा काळेपणा असेल, तर तेच पैसे शुगर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि यकृताच्या तपासणीला घाला.

ताण क्षणाचा असेल तर भूक मरते. पेपरच्या सकाळी घास उतरत नाही तो म्हणूनच. आठवडेच्या आठवडे चाललेला ताण उलटा वागतो. भूक वाढते, ओढ गोड-तेलकटाकडे जाते, आणि ते खाल्ल्यावर खरोखरच थोडं हलकं वाटतं. म्हणून सवय जडते. याला हावरटपणा म्हणू नका. चारचौघांत ‘ढोल्या’ म्हणणं, ताटातल्या पोळ्या मोजणं, हाही त्याच्यासाठी ताणच आहे, आणि माझ्या मते घरातला हाच भाग आधी थांबायला हवा.

आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता, काय खाल्लं, त्याआधी काय घडलं, रात्री किती झोपला. पुष्कळदा दिसतं ते असं, की डबा अकराला संपलाय आणि पुढचं खाणं थेट संध्याकाळी सहाला. सात तासांच्या उपासावर क्लासचा ताण, मग वेफर्स न खाईल तर काय! क्लासला जाण्याआधीच पोळी-भाजी किंवा वाटीभर मटकीची उसळ द्या. परतल्यावर अर्धा तास मार्कांची चौकशी नको, खेळू द्या. पुन्हा मागितलं तर साधी पोळी पुढे करा. ती खाल्ली तर भूक पोटाची. नको म्हणून बिस्किटच मागितलं तर जिभेची.

झोप 9 ते 12 तास हवी. सहाला उठायचं तर नऊला डोळा लागलेला असावा. झोप कमी पडली की खाणं वाढतं.

खाऊ कुलुपात ठेवू नका. बंदी घातलेला पदार्थ हाती लागला की मूल भूक नसतानाही जास्त खातं. मोठं पाकीट घरात आणूच नका. रविवारी लहान पाकीट, सगळ्यांसोबत बसून.

वजन महिन्यातून एकदाच करा. या वयात बहुतेक मुलांचं ते आहे तिथे टिकलं तरी पुरतं, उंची वाढेल तसा फरक पडतो. अंथरुणाखाली रिकामी पाकिटं सापडू लागली, खाऊन उलटी काढत असेल, किंवा शाळेत जायलाच नको म्हणत असेल, तर आहारतज्ज्ञांआधी बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्या.