बोट गाडीमागे लावताना भार कुठे पडतो ते आधी बघा

प्रश्न: मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. अलिबागकडून एक जुनी बारा फुटी फायबरची बोट घेतली आहे. सोबत ट्रेलर आणि दहा हॉर्सपॉवरचं मशीन आहे. माझी गाडी 1200 सीसीची पेट्रोल हॅचबॅक. बोट गाडीमागे लावून कसारा घाटातून आणायची आणि पुढे रविवारी गंगापूर धरणावर न्यायची, असा विचार आहे. बायको आणि दोन मुलं सोबत असतील. गाडी ओढेल ना?

उत्तर: अलिबागहून बोट गाडीमागे लावून आणू नका, हे आधीच सांगतो. सतरा फुटी टेंपो भाड्याने करा आणि बोट, ट्रेलर दोन्ही त्यात घालून आणा. पैसे जातील, जाऊ द्या. तुम्ही कधी ट्रेलर ओढलेला नाही. गाडीत चार माणसं, मागे तीनशे-सव्वातीनशे किलो आणि कसाऱ्याच्या चढावर पुढचा ट्रक थांबला, की तुम्हाला त्या चढावरून पुन्हा उठायचं आहे. तिथे क्लच जळतो. गाडी मागे सरकली तर ट्रेलर आडवा होतो. शिकायची जागा ती नव्हे.

गंगापूरचं म्हणाल, तर शहरापासून दहा-पंधरा किलोमीटरचा रस्ता आहे, ते जमण्यासारखं आहे. पण आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. ट्रेलर ओढू नये असं त्यात लिहिलं असेल तर विषय संपला. चालत असेल तर किती किलोपर्यंत, ते तिथेच दिलेलं असतं. आकडा असेल तर हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा जोड, कंपनीने सांगितलेल्या ठिकाणीच बोल्टने बसवून घ्या. सातपूर-अंबडला तुम्हाला बंपरमागे पाइप वेल्ड करून देणारा सहज भेटेल, त्याच्याकडे जाऊ नका. आणि बंद पडलेली गाडी ओढायला जो हूक असतो, तो ट्रेलरसाठी नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे कांद्याची ट्रॉली भरणाऱ्या कोणालाही विचारा, ट्रॉलीत मागे जास्त माल पडला की दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टर मागून हलका होतो. बोटीच्या ट्रेलरचंही तसंच आहे, फक्त इथे वेग जास्त असतो आणि ओढणारी गाडी हलकी असते. माझ्यावर हे बेतलं आहे. बरीच वर्षं झाली, मेव्हण्याची बोट आम्ही जीपमागे लावून दारणेकडे निघालो होतो. मशीन बोटीच्या मागच्या फळीवर होतंच. पेट्रोलचा कॅन, बर्फाची पेटी आणि नांगरही मीच मागे ठेवले, काढायला सोपं जावं म्हणून. वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे उतारावर एक ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर डोलायला लागला. आधी थोडा, मग प्रत्येक झोक्याला जास्त. जीपचं मागचं अंग त्याच्याबरोबर हलत होतं. मी घाबरून ब्रेक दाबला आणि झोका दुपटीने वाढला. मेव्हणा ओरडला, "ब्रेक सोड!" मी पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, तेव्हा वेग उतरत उतरत ट्रेलर शांत झाला. मागच्या सीटवर माझी सहा वर्षांची मुलगी होती. तो दिवस मी विसरलेलो नाही, म्हणून हे इतक्या सविस्तर लिहितो आहे.

तुम्ही घरीच तपासा. सपाट जागी ट्रेलर ठेवा, बोटीत नेहमीचं सगळं सामान भरा. गाडीला लावल्यावर ट्रेलरच्या दांडीचं टोक जितक्या उंचीवर असतं, तितक्याच उंचीवर ते वजनकाट्यावर टेकवा. खाली लाकडी ठोकळा घ्यावा लागेल. माणसांचं वजन करायचा साधा काटा पुरतो. एकूण वजनाच्या साधारण 7 ते 10 टक्के भार तिथे यायला हवा. तुमच्या सव्वातीनशे किलोला तो 23 ते 32 किलो होतो. हिचला किती भार चालतो तेही मॅन्युअलमध्ये बघा. काट्यावर दहाच किलो दिसले तर कॅन पुढे आणा. 25 लिटर पेट्रोल म्हणजे अठरा-एकोणीस किलो, नुसतं ते सरकवल्याने फरक पडतो. तरी नाही जमलं तर बोटच ट्रेलरवर थोडी पुढे घ्या.

पावसाळ्यात अंगणात उभ्या बोटीत पाणी साचतं. चार बोटं पाणी म्हणजे दीडशे किलो सहज, आणि उतार-चढावर ते पुढे-मागे पळतं. म्हणून रस्त्यावर असताना बोटीचं बूच काढलेलं ठेवा आणि बुचाला दोरी बांधून ती मशीनच्या दोरीला अडकवा. बूच लावल्याशिवाय मशीन सुरू करायला हात जाऊ नये.

सुरक्षेच्या दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून लावा. कपलिंग, म्हणजे हिचवर बसणारं दांडीचं टोक, निसटलं तरी दांडी साखळ्यांवर पडते, रस्त्यात घुसत नाही. वळणावर त्या ताणल्या जाऊ नयेत आणि रस्त्याला घासूही नयेत. ब्रेकलाइट आणि इंडिकेटर दर वेळी कोणालातरी मागे उभं करून बघा. वेग पन्नासच्या आत ठेवा, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते, त्यासाठी पेठ रोडला आरटीओत जा. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

धरणावर पोचल्यावर लगेच पाण्यात घालू नका. चाकाच्या हबला, म्हणजे बेअरिंग असतं त्या मधल्या भागाला, हात लावून बघा. गरम हब एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ग्रीस ताकासारखं पांढरट होतं आणि पुढच्या खेपेला बेअरिंग रस्त्यात बसतं. दहा-पंधरा मिनिटं चहा प्या, हब निवू द्या.

रिव्हर्सची सवय एखाद्या मोकळ्या मैदानावर करा. स्टिअरिंगच्या तळाशी एक हात धरा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा, हात त्याच बाजूला. उतारावर मुलांना आणि पत्नीला आधी गाडीतून उतरवा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांमागे ठोकळे लावा. मागचे पट्टे सोडा, पण विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढायच्या चरखीचा, दोर बोट तरंगेपर्यंत सोडायचा नाही.

मोटारबोट उतरवायला परवानगी लागते का, हे जलसंपदा विभागाच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. गंगापूरचं पाणी आपल्याच नळाला येतं. नांदूरमध्यमेश्वरला मात्र मशीन घेऊन जाऊच नका, ते पक्षी अभयारण्य आहे.